पहिल्या खुर्चीकडे जाताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

कॉन्सर्टमास्टर, म्हणजे ऑर्केस्ट्रात पहिल्या खुर्चीवरचा प्रमुख व्हायोलिनवादक, व्हायचं मनात आहे ना, मग आधी क्वार्टेट धर, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो असा चौघांचा संच. सावंतवाडी-कुडाळकडे व्हायोलिन वाजवणारा आणखी एखादा मिळेल; व्हिओला आणि चेलो या व्हायोलिनच्या मोठ्या भावंडांसाठी मात्र पणजी गाठावी लागेल. तिथे कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकवतात, चौकशी कर. आठवड्याला एकच बैठक ठेवा, पण ती मोडू नका. चतुर्थीत मात्र ठरवूच नकोस, डबलबारी भजनं सोडून कोण येणार!

सुरुवात हायडनच्या ओपस 33 या क्वार्टेटसंचापासून कर. आणि तारा जुळवायला घाई नको, खरी गोम तिथेच आहे. तुझा कान सा-पवर घडलेला, त्यामुळे तू पंचम अगदी शुद्ध लावशील. एकट्याने वाजवताना ते ठीक. पण ए तारेपासून खाली डी, जी, सी या तारा अशा शुद्ध पंचमांनी लावत गेलं की चेलोची सी उतरी राहते आणि वर तुझी ई चढी. सी हा सा धरला तर ई म्हणजे गंधार; दोन्ही मोकळ्या वाजवल्या की तानपुऱ्यातून ऐकू येतो त्या गंधारापेक्षा हा गंधार साधारण 22 सेंट चढा लागतो. अख्खा अर्धस्वर 100 सेंटचा, म्हणजे फरक थोडाथोडका नाही. म्हणून ए सगळ्यांनी एकाकडूनच घ्या, खालचे पंचम केसभर आखूड ठेवा, सी किंचित चढवा, आणि शेवटी चेलोची सी व तुझी ई एकत्र वाजवून बघा.

सुरुवातीचा इशारा मानेने नाही, श्वासाने द्यायचा, तोही पुढच्याच लयीत, एका मात्रेचा. श्वास सावकाश घेऊन पहिला स्वर झटकन काढलास, तर बाकीचे तिघे मागे पडणारच.

ऑर्केस्ट्रात पहिल्या खुर्चीचं काम बरंचसं पेन्सिलचं असतं. सोलो क्वचित येतात. रिम्स्की-कोर्साकोवच्या ‘शेहेराझाद’सारखी, व्हायोलिनच्या सोलोंनी भरलेली रचना रोज लागत नाही. बोइंग, म्हणजे कोणता स्वर बो (गज) खाली ओढून (डाऊन) आणि कोणता वर ढकलून (अप) वाजवायचा ते, मात्र प्रत्येक कार्यक्रमाला ठरवावं लागतं, तेही पहिल्या तालमीआधी, आणि सेकंड व्हायोलिन, व्हिओला, चेलोच्या प्रमुखांना दाखवून. मोझार्टच्या ‘आइने क्लाइने नाख्टमुझिक’ची पहिली ओळच घे. लांब स्वर डाऊन, छोटा अप. डाऊनला जेवढा बो खर्च होतो तेवढा त्या छोट्या अपमध्ये परत येत नाही, आणि दोन मापांत सगळी रांग टोकाशी जाऊन पातळ वाजू लागते. तेव्हा खालच्या अर्ध्या बोतच राहायचं आणि विरामात बो उचलून मागे आणायचा, असं लिहून दे. तालमीत ऐन वेळी बदललंस, तर शेवटच्या डेस्कपर्यंत निरोप पोचेस्तोवर कंडक्टरचा धीर सुटतो.

मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात 2006 पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. त्यांच्या तालमीला बसता येतं का, विचारून ठेव. ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनला बहुतेक ठिकाणी रिचर्ड श्ट्राउसच्या ‘डॉन हुआन’चं पहिलं पान आणि मोझार्टची 39वी सिंफनी मागतात. दोन्ही आत्तापासून मेट्रोनोमवर, निम्म्या लयीत घोटत राहा. परीक्षक आधी लय ऐकतात, मग सूर.

ता. क. : पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, जोर लावू नकोस, खुंटी थोडी बाहेर ओढून फिरव. वाजवून झालं की बो सैल कर. व्हायोलिनच्या कडेचा जोड सुटून खरखर आली, तर फेव्हिकॉल अजिबात लावू नकोस. तो इतका घट्ट धरतो की पुढच्या वेळी जोडाऐवजी लाकूडच फाटतं. सरस वापरणाऱ्या कारागिराकडेच दे.