बाबूजींवर नाटक लिहिलंय, नोटीस येईल का?

नमस्कार,

तुमचं सविस्तर पत्र मिळालं. तुमची मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दिग्दर्शक राजा परांजपे, गीतकार गदिमा आणि संगीतकार सुधीर फडके (बाबूजी) या त्रयीवर तिनं दोन अंकी नाटक लिहिलं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात ते गाजलं आणि आता पुण्यातली एक संस्था तिकीट लावून त्याचे प्रयोग करायचं म्हणतेय. पण नात्यातल्या एका वकिलांनी "वारस, म्युझिक कंपनी, सगळे नोटिसा पाठवतील" असं सांगितल्यापासून घरात ताण आहे. तिनं हा नाद सोडून एमपीएससीला बसावं, असं मी तिला समजवावं ही तुमची अपेक्षा.

तसं मी समजावणार नाही. वकीलसाहेबांची भीती निराधार नाही, पण माणसाचं आयुष्य आणि त्याची निर्मिती या दोन गोष्टींची त्यांनी सरमिसळ केली आहे.

आयुष्यात घडलेल्या घटनांवर कोणाचा कॉपीराइट नसतो. 'हम हिंदुस्तानी' या नाटकाचे लेखक आर. जी. आनंद यांनी 'न्यू दिल्ली' या चित्रपटाविरुद्ध दावा लावला होता. त्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली स्पष्ट केलं की विषय, कथाबीज, ऐतिहासिक घटना यांवर मालकी नसते, ती मांडणीवर असते. म्हणजे गदिमांच्या 'मंतरलेले दिवस'मधली एखादी आठवण वाचून तिनं तो प्रसंग स्वतःच्या संवादांत उभा केला असेल तर काही बिघडत नाही. पुस्तकातले उतारेच्या उतारे पात्रांच्या तोंडी घातले असतील, तर मात्र परवानगी हवी. तिला संहिता आणि संदर्भाची पुस्तकं शेजारी ठेवून एकदा बसू द्या.

खरी अडचण गाण्यांची आहे. तुम्ही लिहिता की नाटकात आठ गाणी आहेत. त्यातलं 'एक धागा सुखाचा' घेऊ. चित्रपट 'जगाच्या पाठीवर', साल १९६०. आपल्याला ते एक गाणं वाटतं, कायद्याला त्यात तीन वस्तू दिसतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे तो २०२० अखेर संपला. शब्दांचा आणि चालीचा हक्क मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. गदिमा १९७७ साली गेले, म्हणून शब्द २०३७ अखेरपर्यंत बांधलेले. बाबूजी २००२ साली गेले, म्हणून चाल २०६२ अखेरपर्यंत. तोवर तुमची मुलगी साठीच्या उंबरठ्यावर असेल! "जुनी रेकॉर्ड आहे, वाजवा बिनधास्त" असं सांगणारे भेटतील. त्यांना या तीनातली एकच वस्तू ठाऊक असते.

परवानगी मागायची कोणाकडे, हेही सरळ नाही. आपल्याकडे पटकन वारसांच्या घरी पेढे घेऊन जातात. अवश्य जावं, त्यांचा आशीर्वाद मोलाचा आहे. पण पैसे देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माता असतो, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७७ साली म्हटलं होतं. त्यामुळे अनेक जुन्या गाण्यांचे हक्क निर्मात्याकडून पुढे म्युझिक कंपनीकडे गेलेले असतात. घरच्यांनी 'हो' म्हटलं तरी कागद दुसऱ्याच्या कपाटात असू शकतो. आयपीआरएस ही संस्था गीतकार-संगीतकारांच्या वतीनं परवाने देते, तिथून सुरुवात करावी. मात्र नाटकाच्या कथेत गुंफलेलं गाणं त्या परवान्यात बसतं का, हे लेखी विचारून घ्यावं.

मग कॉलेजात कसं चाललं? शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनीच सादर केलेल्या आणि शिक्षक, विद्यार्थी, पालक यांच्यापुरत्या प्रयोगाला कायद्यानं सूट दिली आहे. तिकीटबारी उघडली की ती सूट संपते.

वारसांच्या नोटिशीबद्दल. सुशांतसिंह राजपूतवरच्या चित्रपटाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं २०२३ साली म्हटलं की खासगीपणाचा आणि प्रसिद्धीचा हक्क त्या व्यक्तीबरोबरच संपतो, वारशानं मिळत नाही. तरी दिवंगत माणसाची बदनामी गुन्हा ठरू शकते, म्हणून भांडणाच्या, व्यसनाच्या प्रसंगांना छापील आधार असू द्या. आणि एक मेहरबानी करा, एआय वापरून बाबूजींचा आवाज 'जिवंत' करण्याची कल्पना कोणी मांडली तर तिथेच थांबवा. गायक अरिजीत सिंगच्या आवाजाची एआयनं परवानगीविना नक्कल करायला मुंबई उच्च न्यायालयानं २०२४ साली मनाई केली, तो आदेश तिनं वाचावा. अरिजीत हयात आहेत, हा फरक खरा. तरी या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

तिच्यासाठी एक परदेशी दाखलाही देतो. १९७७ साली ब्रॉडवेवर 'बीटलमेनिया' नावाचा खेळ आला. बीटल्ससारखे दिसणारे चौघे त्यांची गाणी वाजवायचे, बस्स. बीटल्सच्या कंपनीनं दावा लावला आणि १९८६ साली जिंकला, कारण त्या खेळात नक्कल सोडून स्वतःचं असं फार काही नव्हतं. तुमच्या मुलीला मी विचारेन की आठही गाणी काढली तर नाटक उरतं का? उरत असेल तर दोन-तीन गाण्यांची परवानगी मिळवणं आवाक्यातलं आहे. उरत नसेल तर तो विग लावलेला ऑर्केस्ट्रा आहे आणि पुन्हा लिहायला हवा. मला वाटतं उरेल, कारण तुमच्या पत्रातल्या वर्णनात गाण्यांपेक्षा माणसंच जास्त आहेत.

आता करिअर. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आहे, तेव्हा एमपीएससी कुठे पळून जात नाही. नाटकच पुढे शिकायचं असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. हक्कांच्या या गुंत्यात तिला रस वाटला तर पदवीनंतर सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएलबी करता येतं. म्युझिक कंपन्या, निर्मितीसंस्था, ओटीटी यांना परवानग्या मिळवणारी, करार वाचणारी माणसं लागतात, आणि ज्यानं स्वतः नाटक केलंय त्याला नेमकं कुठे अडतं हे कळतं. पण घाबरून वकिलीला जाऊ नये.

पुण्याच्या संस्थेशी बोलताना दोन गोष्टी बघा. मराठी रंगभूमीवर लेखकाला दर प्रयोगामागे मानधन द्यायची पद्धत आहे; आकडा कागदावर हवा. आणि हक्क किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी दिले हे लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर अख्खा भारत. चित्रपट आणि वेबसीरिजचे हक्क या करारात अजिबात देऊ नका. संहितेची नोंदणी सक्तीची नसली तरी कॉपीराइट कार्यालयात ५०० रुपयांत होते, ती सही करायच्या आधी करून टाका. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं) प्रमाणपत्र कोण काढणार आणि गाण्यांच्या परवानग्यांचा खर्च कोणाचा, हेही आधी ठरवून घ्या. हा खर्च निर्मात्याचा असावा, आणि ते "बघू नंतर" म्हणाले तर तिनं सही करू नये.