वाचकांचे प्रश्न : सोनेरी नांगराची मेंढपाळीण

प्रश्न : घरच्या जुन्या शोकेसमध्ये चिनी मातीची मेंढपाळीण आहे. उंची 22 सेंमी, तळाला मधोमध सेंटिमीटरभर सोनेरी नांगर (जहाजाचा असतो तसा) काढलेला. ही अठराव्या शतकातली ‘चेल्सी’ असेल का? मानेवर पिवळी रेघ आहे, घागराही मळलाय. धुऊ का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नांगर पाहूनच शंका येते. निकोलस स्प्रिमाँ या चांदीकारानं 1745 च्या सुमारास लंडनजवळ चेल्सीला कारखाना चालवायला घेतला. नांगर ही त्या कारखान्याची खूण. लाल नांगर साधारण 1752 ते 56 चा, सोनेरी त्यानंतर 1769 पर्यंतचा. पण दोन्ही जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचे, आणि बहुधा बैठकीच्या मागच्या बाजूला, शोधूनच सापडतील असे. मोठा, ठसठशीत नांगर नकलांवर असतो. पॅरिसच्या सामसों कारखान्यानं एकोणिसाव्या शतकात अशा ढीगभर नकला केल्या.

खात्री मातीवरून करा. चेल्सीची माती ‘सॉफ्ट पेस्ट’ म्हणजे कमी आचेवर भाजलेली, सामसोंची ‘हार्ड पेस्ट’ म्हणजे जास्त आचेवर भाजलेली. एखादा टवका उडाला असेल तर ती जागा भिंगाखाली पाहा. गुळाचा रवा फोडल्यावर दिसते तशी दाणेदार असेल तर सॉफ्ट पेस्ट. काचेसारखी चकचकीत असेल तर हार्ड. (मुद्दाम टवका काढू नका!) सॉफ्ट पेस्टवर रंग झिलईत मुरलेले असतात, हार्ड पेस्टवर ते नखाला जाणवतात.

मग कारखाना कोणता ते ओळखायला तळाच्या भोकातून बॅटरी मारून आत बघा. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत शाडू साच्यात अंगठ्यानं दाबून भरतात, तसंच काम लंडनच्या बो कारखान्यात चाले. आत बोटांचे ठसे राहतात. चेल्सीत आणि डर्बी या आणखी एका इंग्लिश कारखान्यात पातळ माती साच्यात ओतत, त्यामुळे आतली बाजू गुळगुळीत. तळाला तीन-चार काळसर गोल डाग दिसले तर डर्बी समजा. भट्टीत मूर्ती मातीच्या गोळ्यांवर टेकवत, त्याच्या त्या खुणा. ‘इंग्लंड’ असा शब्द छापलेला असेल तर विषयच संपला, तो 1891 नंतरचा.

धुण्याचं म्हणाल तर बुडवू मुळीच नका. पिवळी रेघ म्हणजे जुना डिंक. गरम पाण्यात तो सुटतो आणि मुंडकं हातात येतं. शिवाय भोकातून पाणी आत शिरलं की सॉफ्ट पेस्ट ते पिते आणि मळ डाग होऊन वर येतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ते वाळायचंही नाही. कापसाची काडी कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून, पिळून, घागऱ्यावरून फिरवा. सोनेरी कामाला हात लावू नका, चिंच-मीठ तर नाहीच.