वाचक विचारतात : मालवणची न्याहारी, दोघांसाठी

प्रश्न : लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही दोघं तारकर्लीजवळ एका घरगुती निवासात दोन रात्री राहणार आहोत. न्याहारी भाड्यातच आहे. पण मागच्या खेपेला दुसरीकडे दोन्ही सकाळी कांदेपोहेच पुढ्यात आले. या वेळी साग्रसंगीत खायचं असेल तर काय सांगावं? (सांगली)

उत्तर : सकाळी आठला विचाराल तर पोहेच मिळणार, आणि पोह्यांसाठी घाट उतरायची गरज नाही. काळे वाटाणे दहा-बारा तास भिजावे लागतात, आंबोळीचं पीठ रात्रभर आंबतं. म्हणून पोचल्या दिवशी संध्याकाळच्या चहालाच दोन्ही सकाळींचं सांगून टाका. पहिल्या दिवशी घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, कारण घावण्याचं पीठ आंबवावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं.

शिरवाळे-रस (तांदळाच्या शेवया आणि गूळ घातलेलं नारळाचं दूध) हवा असेल तर खोली ठरवतानाच फोनवर बोला आणि जादा पैशांचंही तेव्हाच ठरवा. तांदळाच्या पिठाची उकड काढून तिचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवतात आणि गरम असतानाच शेवग्यातून, म्हणजे शेवया पाडायच्या साच्यातून, दाबतात. गोळा निवला की शेवगा दाबता दाबवत नाही आणि शेव तुटते. त्यामुळे एकानं दाबायचं, दुसऱ्यानं खाली ताटली फिरवायची. फक्त दोन पाहुण्यांसाठी हा खटाटोप कुणी आनंदानं करत नाही. त्या दिवशी आणखी पाहुणे असतील तर जमून जातं, तेव्हा तेही विचारून घ्या.

मोसम पाहून मागा. मे-जूनमध्ये बरक्या (मऊ गऱ्यांच्या) फणसाची सांदणं, म्हणजे फणसाच्या रसातल्या गोड इडल्या, श्रावणात हळदीच्या पानातल्या पातोळ्या, तवसं (मोठी काकडी) निघालं की धोंडस, म्हणजे त्याचा गोड केक. जानेवारीत सांदणं मागितलीत तर मिळाली तरी डब्यातल्या रसाची असतील.

प्रश्न : तिथले घावणे जाळीदार आणि मऊ असतात. घरी केले की तव्याला चिकटतात, नाहीतर धिरड्यासारखे जाड होतात. (पुणे)

उत्तर : जाडा तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून दळून आणा. 1 वाटी पिठाला सुमारे 2 वाट्या पाणी आणि चवीपुरतं मीठ घालून पंधरा मिनिटं ठेवा. पीठ ताकाइतकं पातळ हवं. इथेच बहुतेकांचा हात आखडतो. पीठ दाट राहिलं की जाळी पडत नाही, घावन जाड होतं.

तवा बिडाचा घ्या. पाण्याचा थेंब पडताक्षणी चुरचुरून उडाला पाहिजे. अर्धा कांदा किंवा नारळाची शेंडी तेलात बुडवून तव्यावर फिरवा. तांदळाचं पीठ तळाशी बसतं, म्हणून दर वेळी वाटी तळापासून ढवळूनच भरा. नाहीतर पहिले घावणे पाणचट निघतात आणि शेवटचे दगड. पीठ कडेकडून मध्याकडे ओता. पळीनं पसरवलंत की जाळी मोडलीच. झाकण ठेवून साधारण मिनिटभर थांबा. कडा आपोआप सुटल्यावरच उलथनं घाला. त्याआधी घाई केली तर घावन फाटतं आणि दोष पिठाला जातो.

चिकटण्याची कारणं दोनच : तवा पुरेसा तापलेला नसणं, किंवा तो साबणानं खसाखसा घासून त्यावरचा तेलाचा थर घालवलेला असणं. असा तवा तेल लावून दोन-तीनदा तापवा. पहिलं घावन बिघडलं तर ते तव्याच्या नावानं सोडून द्या, पुढची सुधारतात. गरम घावणे एकावर एक रचू नका, वाफेनं चिकटतात. घडी घालून टोपलीत कापडावर मोकळे ठेवा.

प्रश्न : नारळाच्या रसात गूळ घातला की तो फाटतो. (ठाणे)

उत्तर : गॅस बंद ठेवा. गुळात थोडा आंबटपणा असतो, आणि तापवल्यावर नारळाचं दूध फाटायला तेवढं पुरतं. 2 वाट्या जाड दुधात पाऊण वाटी किसलेला गूळ न तापवता विरघळवा, गाळा, मग वेलची आणि चिमूटभर मीठ घाला. रस दोन-तीन तासांत संपवा. उन्हाळ्यात तो लवकर आंबतो.

प्रश्न : न्याहारी करून लगेच सिंधुदुर्ग किल्ला आणि स्कूबा करता येईल का? (सांगली, पहिल्याच वाचक)

उत्तर : सांबारं-आंबोळी खाऊन लगेच होडीत बसू नका, भरल्या पोटी मळमळ हमखास. मधे दोन तास तरी जाऊ द्या. नाहीतर त्या सकाळी मऊ भात, मेतकूट, तूप एवढंच मागा आणि आंबोळ्या होडीत न बसायच्या सकाळी ठेवा. ऐन पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या आणि स्कूबा दोन्ही बंद असतात. तेव्हा गेलात तर घाई कसलीच नाही, तिसरी आंबोळी मागवा.