हॅवलॉकला डायव्हिंगसाठी राहायचं कुठे?

हॉटेलचे फोटो नंतर बघा, आधी नकाशा उघडा. अंदमानातल्या हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, किनारे नंबरांनी ओळखले जातात. राधानगर म्हणजे सात नंबर. किनारा अप्रतिम आहे, पण तो बेटाच्या पश्चिमेला, जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटर लांब आहे. डाइव्ह सेंटर बहुतेक पूर्वेकडे आहेत आणि बोटी सकाळी लवकर सुटतात. तिथे पाचच्या सुमारास उजाडतं, त्या वेळी रिक्षा शोधत बसणं नको. म्हणून तीन नंबरचं गोविंदनगर किंवा पाच नंबरचं विजयनगर निवडा. तीन नंबरला बाजार आणि खानावळी हाताशी आहेत. पाच नंबर निवांत आहे, मात्र ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि खडक उघडे पडतात. खोलीसमोरच पोहता येईल असं गृहीत धरू नका. राधानगरला एखादी संध्याकाळ जाऊन या.

बुकिंगआधी डाइव्ह सेंटरला जरूर विचारा, बऱ्याच जणांच्या स्वतःच्या खोल्या असतात. व्हरांड्यात दोरी आहे का, तेही विचारा. त्या दमट हवेत ओले कपडे खोलीत वाळता वाळत नाहीत.

आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला काढा, विमान तिथूनच सुटतं. अनेक डाइव्ह केल्यावर किमान १८ तास विमानात बसायचं नसतं, कारण शरीरात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुडे धरतो. मी तर पूर्ण दिवस मोकळा ठेवा असंच सांगेन. शिवाय समुद्र खवळला की हॅवलॉकहून तिथे जाणाऱ्या बोटींच्या फेऱ्या रद्द होतात.