आधी इंजिनिअरिंग, मग हवं ते?

प्रिय मावशी,
जत तालुक्यात आमची डाळिंबाची बाग आहे. माझी बारावी सायन्स झाली, सीईटीला पर्सेंटाइल बरे आहेत. बाबा म्हणतात, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच घ्यायचं; मुलींना फी माफ आहे, चुलतभाऊ हिंजवडीत लागलाय. मला भूगर्भशास्त्रात बीएस्सी करायचीय. बाबांनी तीन बोअर मारले. प्रत्येक वेळी पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला आणि तिन्ही बोअर कोरडे गेले. खाली नक्की असतं काय, ते मला शिकायचंय. काका म्हणतात, दगडं फोडून पोट भरत नाही, आणि खाणीत बायकांना घेत नाहीत. आई म्हणते, आधी इंजिनिअरिंग कर, मग हवं ते कर. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी कॉलेजांची पसंती लिहायचा ऑप्शन फॉर्म मीच भरणार आहे. मिळणारच नाहीत अशी कॉलेजं टाकून विषय संपवू का?

*

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. जागा लागली नाही म्हणून बाबा गप्प बसतील, असं वाटतं तुला? ते मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतील, कर्ज काढून घेतील, आणि त्या कोट्याला फीमाफी नाही. तीन बोअरचं ओझं आधीच आहे घरावर.

आता आईचं म्हणणं. घरोघरी हाच तोडगा निघतो आणि ऐकायला शहाणपणाचा वाटतो. तुझ्या बाबतीत तो चालत नाही. भूवैज्ञानिकांच्या केंद्र सरकारी जागांसाठी यूपीएससी वेगळी परीक्षा घेते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळ, दोन्हीकडची भरती तिच्यातून होते. तिला बसायला भूगर्भशास्त्रातली किंवा त्याला लागून असलेल्या विषयातली पदव्युत्तर पदवी लागते. कॉम्प्युटरची बीई घेऊन तिथे अर्जही करता येत नाही. म्हणजे चार वर्षांनी ‘हवं ते’ करायचं तर पुन्हा बीएस्सीच्या पहिल्या वर्गात बसावं लागेल. कोण बसतं गं? हे आईला नीट समजावून सांग. ती अडवत नाहीये, तिला फक्त हे माहीत नाहीये.

काकांची माहिती जुनी आहे. जमिनीखालच्या खाणीत बायकांना खरंच बंदी होती, पण 2019 मध्ये केंद्राने नियम सैल केले. तेव्हापासून तांत्रिक आणि देखरेखीच्या कामावर दिवसपाळीत त्यांना घेता येऊ लागलं. आणि भूगर्भशास्त्र म्हणजे नुसत्या खाणी नव्हेत. धरणाचा पाया, बोगदे, दरडी, पाणी, सगळीकडे हा माणूस लागतो.

पण बाबांचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. ज्याचा पैसा डोळ्यांदेखत जमिनीत गेला, त्याला महिन्याच्या एक तारखेला येणारा पगार हवा असणारच. तुझ्या वाटेने तो उशिरा येतो. बीएस्सी, मग एमएस्सी, म्हणजे किमान पाच वर्षं, आणि सरकारी जागा मोजक्या. हे लपवू नकोस. ‘मला आवड आहे’ एवढ्यावर बाबा ऐकणार नाहीत. त्यांच्या जागी मीही ऐकलं नसतं. कागद घेऊन हिशोब मांड. फीमाफी शिक्षण आणि परीक्षा शुल्कापुरती आहे, तीही उत्पन्नाच्या आणि प्रवर्गाच्या अटींवर. पुण्यातली खोली, मेस, लॅपटॉप बाबांच्याच खिशातून जाणार. दुसऱ्या बाजूला बीएस्सीचा खर्च लिही.

आणि एक कर. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय सांगलीत आहे. तिथे बाबांना घेऊन जा, पण तुझ्या करिअरचा विषय काढायला नको. तिन्ही बोअरचे गट नंबर, किती फुटांपर्यंत गेले, भुकटी कुठे काळी आली नि कुठे लालसर, हे सगळं लिहून ने आणि चौथा मारावा का, एवढंच विचारा. आपला काळा दगड थरांचा आहे. पाणी सापडतं ते भेगांत, कुजलेल्या थरात, दोन थरांच्या सांध्यात. सांधा चुकला तर पाचशे फूटही कोरडे. हे टेबलापलीकडच्या भूवैज्ञानिकाच्या तोंडून ऐकलं की हा विषय काय आहे, ते बाबांना माझ्या पत्रापेक्षा लवकर कळेल. तिथे बसल्यावर तू गप्प राहायचंस. बाबांना विचारू दे.

आता थोडं तुझ्याकडे वळते. पाणी हा या विषयाचा एक कोपरा आहे. बाकी स्फटिकं, जीवाश्म, सूक्ष्मदर्शकाखाली दगडाचे काप, उन्हातान्हात नकाशे. अभ्यासक्रम उतरवून घे, पूर्ण वाच. कंटाळा आला तर तेही आत्ताच कळलेलं बरं. पुण्यात फर्ग्युसनला हा विषय आहे, पुढे एमएस्सीला सोलापूर विद्यापीठ तुमच्या गावापासून फार लांब नाही.

बीएस्सीचे अर्ज या आठवड्यात भरून टाक. त्यांच्या गुणवत्ता याद्या कॅपच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्यांसाठी थांबत नाहीत. ऑप्शन फॉर्मही भर, पण बाबांना शेजारी बसवून, आणि पहिल्या क्रमांकावर काय टाकायचं ते नीट बोलून घ्या. पहिल्या पसंतीची जागा लागली की ती गोठते, पुढच्या फेरीत बदलता येत नाही.

तुझी,
मावशी