कार्बोरेटरची पॅकिंग : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

कापूस-केळीच्या पट्ट्यात अजून चालत असलेली जुनी पेट्रोल-रॉकेल इंजिनं आणि फवारणीची यंत्रं यांच्याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोलचं मिश्रण करणारा भाग, आणि पॅकिंग म्हणजे जोडातून गळती होऊ नये म्हणून मधे घालायचा पातळ थर.

प्रश्न : पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचं जुनं पंपाचं इंजिन आहे. रॉकेल मिळेनासं झाल्यापासून पेट्रोलवरच चालवतो. आता ते एका लयीत चालत नाही, रेस आपोआप चढते आणि उतरते. चोक अर्धा ओढून ठेवला तर मात्र व्यवस्थित चालतं. मिस्त्री म्हणतात, कार्बोरेटरच नवा टाका. काय करावं? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाऊ, नव्या कार्बोरेटरचे पैसे तूर्त खिशातच ठेवा. अर्ध्या चोकवर इंजिन सुधारतं, म्हणजे त्याला हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळतंय. याची कारणं मुख्यतः दोन : जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीत) कचरा, नाहीतर कार्बोरेटर आणि हेडच्या मधल्या पॅकिंगमधून बाहेरची हवा आत शिरणं. मिश्रण पातळ झालं की रेस पडते, गव्हर्नर (रेस एकसारखी ठेवणारी यंत्रणा) थ्रॉटल म्हणजे मिश्रणाची झडप उघडतो, रेस चढते, तो पुन्हा मिटतो, आणि हा खेळ चालूच राहतो.

कोणतं कारण आहे हे खोलण्याआधीच कळतं. इंजिन कमी रेसवर ठेवा आणि बारीक पिचकारीने जोडाच्या कडेवर थोडं थोडं पाणी मारा. प्लग आणि मॅग्नेटोकडे (ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग) पाणी जाऊ देऊ नका. पाणी लागताच रेस बदलली तर गळती तिथेच आहे. काही जण यासाठी पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारतात. तापलेल्या सायलेन्सरशेजारी ते करू नये, आग लागते. पाण्याने काहीच फरक पडला नाही तर आधी जेट काढून साफ करा. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. पेट्रोलमध्ये भिजवून हवेने फुंकायचं.

गळती सापडली तर पेट्रोलचा कॉक बंद करा, कार्बोरेटरखालची पेट्रोलची वाटी रिकामी करा आणि गव्हर्नरची दांडी व स्प्रिंग कोणत्या भोकात आहेत याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. शेजारच्या भोकात स्प्रिंग अडकवली की सगळं गणित फिरतं. कार्बोरेटर सुटल्यावर हेडकडून बाहेर असा क्रम दिसेल : पॅकिंग, बॅकलाईटचा (बेकेलाइट, म्हणजे उष्णता अडवणारं कडक प्लॅस्टिक) ठोकळा, दुसरं पॅकिंग, कार्बोरेटर, तिसरं पॅकिंग, एअर क्लीनर. पहिली दोन पुष्कळदा सारखी दिसतात, पण भोकं किंवा खाचा वेगळ्या असतात. काढतानाच क्रमाने सुतळीत ओवून ठेवा.

जुनं पॅकिंग चिकटलं असेल तर डिझेलने भिजवून लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा. स्क्रूड्रायव्हरने ॲल्युमिनियमवर पडलेला ओरखडा पुढे गळतीची वाट होतो. फार जुन्या इंजिनांच्या जाड राखाडी पॅकिंगमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं. ते कोरडं घासू नका, ग्राइंडरचा तारेचा ब्रश तर मुळीच नको. ओलं करूनच काढा.

यानंतरचं काम बहुतेक जण सोडून देतात. कार्बोरेटरच्या फ्लँजवर (नटांनी आवळला जाणारा चपटा भाग) स्टीलची पट्टी आडवी ठेवा आणि मधोमध ०.१ मिमीची फीलर पात (फट मोजायची पातळ पट्टी) जाते का पाहा. जात असेल तर फ्लँज वाकलेला आहे. वर्षानुवर्षं नट करकचून आवळल्याने त्याचे दोन्ही कान पुढे झुकतात आणि मधला भाग मागे राहतो. अशा फ्लँजवर नवं पॅकिंग महिनाभरही टिकत नाही. जाड काचेवर पाण्याचा ४०० नंबर पॉलिश पेपर ठेवून, कार्बोरेटर पूर्ण मोकळा करून, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवत फ्लँज घासा. पृष्ठभाग सगळीकडे सारखा मळकट झाला की थांबा. मग पेट्रोलने धुऊन प्रत्येक भोक फुंका.

नव्या पॅकिंगला ग्रीस-सोल्यूशन काही लावायचं नाही. दोन्ही नट आधी हाताने टेकवा, मग आळीपाळीने अर्धा-अर्धा आटा. ६ मिमीच्या स्टडला १० नंबरचा पाना लागतो. तो मधोमध धरून मनगटाच्या जोरावर आवळलेला पुरतो, मोजायचं तर ८ ते १० न्यूटन मीटर. इंजिन एकदा तापून थंड झालं की पुन्हा एकदा तपासा, कारण नवं पॅकिंग दबतं.

प्रश्न : बॅकलाईटचा ठोकळा तुटला होता. लेथवर ॲल्युमिनियमचा तसाच बनवून घेतला. सकाळी इंजिन छान चालतं, पण एप्रिल-मेमध्ये तासाभराने बंद पडतं आणि थंड झाल्याशिवाय सुरू होत नाही. – एक केळी उत्पादक, रावेर

उत्तर : तो ठोकळा नुसतं अंतर भरून काढायला नव्हता. हेडची उष्णता कार्बोरेटरपर्यंत पोहोचू न देणं हे त्याचं खरं काम. ॲल्युमिनियम ती सरळ पोहोचवतं, वाटीतल्या पेट्रोलला बुडबुडे येतात आणि जेटपर्यंत वाफच जाते. रावेर-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा तर जास्तच. लेथवाल्याकडून कापडी बॅकलाईटच्या शीटमधून त्याच जाडीचा ठोकळा करून घ्या. मधलं भोक जुन्याइतकंच हवं. लहान झालं तर ताकद जाते, मोठं झालं तर आत पायरी तयार होऊन पेट्रोल तिथे साचतं. ठोकळ्याऐवजी चार-पाच पॅकिंग एकावर एक घालण्याचा उपाय कुणी सुचवेल. तो करू नका. इतका मऊ थर प्रत्येक आवळणीला दबतो आणि वर सांगितल्याप्रमाणे फ्लँजचे कान वाकतात.

प्रश्न : वाटीचं रबरी पॅकिंग काढलं की फुगतं आणि खाचेत परत बसत नाही. ट्यूब कापून रिंग केली, ती आठ दिवसांत लोण्यासारखी झाली. वाटी तर सारखी ओव्हरफ्लो होते. – शिंदखेडा

उत्तर : सायकल-मोटरच्या ट्यूबचं रबर पेट्रोलमध्ये टिकत नाही. दुकानात ‘नायट्राइल’ रबर म्हणून मागा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यामुळे व्हिटॉन रबराची रिंग मिळाली तर आणखी चांगलं. ती महाग असते, पण कडकही होत नाही आणि फुगतही नाही. घेताना रिंगची जाडी व्हर्नियरने मोजा आणि व्यास खाचेवरून घ्या. जुनी फुगलेली रिंग मापाला धरू नका. जुनं नायट्राइल काढल्यावर थोडं फुगलेलं दिसणं साहजिक आहे. रात्रभर उघड्यावर ठेवलं तर बरंचसं आटतं, पण ते फक्त अडल्या वेळेपुरतं. कॉर्कची रिंग असेल तर ती हंगाम संपला की कोरडी पडून आक्रसते. एकदा उघडली की नवीच घालायची.

ओव्हरफ्लोचा दोष मात्र रिंगला देऊ नका. तो वाटीत येणारं पेट्रोल रोखणारी नीडल आणि ती जिथे टेकते त्या सीटचा आहे, किंवा फ्लोटमध्ये (वाटीत तरंगणारा पोकळ भाग) पेट्रोल शिरलंय. फ्लोट कानाशी हलवून पाहा, आतून आवाज येतो. सीटखाली बारीक वॉशर असेल तर तो हरवू नका आणि अंदाजाने दुसरा घालू नका. जाड वॉशरने सीट खाली सरकते, नीडल लवकर बंद होते आणि वाटीत पेट्रोल कमी राहतं. पातळ वॉशरने उलट होतं. एका वॉशरवरून मिश्रण बिघडतं आणि दोष मात्र जेटला लावला जातो.

प्रश्न : पाठीवरच्या दोन-स्ट्रोक फवारणी यंत्राच्या कार्बोरेटरचं किट बदललं. आता यंत्र सुरू होतं आणि पाच सेकंदांत बंद पडतं. – शहादा

उत्तर : तुमचा कार्बोरेटर फ्लोटचा नसून पडद्याचा (डायफ्रॅमचा) असेल, तर पहिला संशय पॅकिंगच्या क्रमावर. अशा कार्बोरेटरला दोन बाजू असतात आणि दोन्हीकडचा क्रम उलट असतो. मधोमध धातूची टिकली असलेला पडदा ज्या बाजूला बसतो, तिथे आधी कार्बोरेटरच्या अंगाला पॅकिंग, त्यावर पडदा, मग झाकण. पातळ जिभा कापलेला पडदा म्हणजे पंपाची बाजू. तिथे आधी पडदा अंगाला, त्यावर पॅकिंग, मग झाकण. हे उलटं झालं की जिभा मोकळ्या हलत नाहीत आणि पेट्रोल वर चढत नाही.

क्रम बरोबर असेल तर दुसरा संशय : इंजिनच्या बाजूच्या पॅकिंगला मोठ्या भोकाशेजारी एक बारीक भोक असतं. क्रँककेसमधला दाबाचा ठोका त्यातून येऊन पंपाचा पडदा हलवतो. पॅकिंग उलटं बसवलं किंवा हाताने कापताना ते भोक विसरलं, तर वाटेत साठलेल्या पेट्रोलवर यंत्र पाच सेकंद चालतं आणि संपतं. तुमचं लक्षण तंतोतंत हेच आहे.

तोवर चोक लावून जबरदस्तीने चालवू नका. दोन-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच जातं. पेट्रोल कमी पडलं म्हणजे ऑइलही कमी, आणि मग पिस्टन पकडतो.

प्रश्न : पॅकिंग कुठेच मिळत नाही. सिलिकॉन चालेल का? लग्नपत्रिकेचा पुठ्ठा? – चाळीसगाव

उत्तर : दोन्ही नको. सिलिकॉन पेट्रोलमध्ये मऊ होऊन सुटतं आणि त्याचा तुकडा थेट जेटमध्ये जातो. पुठ्ठा पेट्रोल पितो. जुने मिस्त्री लावत ते शेलॅकही आता भरवशाचं नाही, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि इथेनॉल हे अल्कोहोलच आहे. मशिनरी स्टोअरमधून ०.५ आणि ०.८ मिमीची पेट्रोल-ऑइलला चालणारी, ॲसबेस्टॉस नसलेली जॉइंट शीट आणा. जुनं पॅकिंग जेवढं जाड, तेवढीच शीट वापरा. फ्लँजला ऑइलचं बोट लावून शीटवर छाप घ्या. आधी भोकं पाडा (६ मिमी स्टडला ६.५ मिमीचा पंच), मग बाहेरची कड कात्रीने. फ्लँजवरच शीट ठेवून हातोडीने ठोकत कापण्याची पद्धत बिडाच्या भागाला ठीक, कार्बोरेटरच्या मऊ धातूची कड त्याने मोडते.

प्रश्न : भंगारातून परदेशी बागेचा छोटा ट्रॅक्टर मिळाला. इंजिनवर ‘कोहलर के ३०१’ लिहिलंय. पॅकिंग कशावरून मागवू? – धुळे

उत्तर : के ३०१ म्हणजे १२ हॉर्सपॉवर. त्याच मालिकेत के २४१ दहाचं, के ३२१ चौदाचं आणि के ३४१ सोळाचं. नुसत्या मॉडेलवरून मागवू नका. इंजिनच्या पट्टीवरचा स्पेक (स्पेसिफिकेशन) नंबर कळवा आणि कार्बोरेटरच्या तोंडाचं भोक व दोन बोल्टांमधलं अंतर मोजून ठेवा, कारण मधल्या काळात कुणी कार्बोरेटर बदललेला असू शकतो. आटे इंची आहेत. मिमीचे पाने लावून बोल्टांची डोकी गोल करू नका आणि ६ मिमीचा बोल्ट घुसवूही नका. तयार पॅकिंग मिळेपर्यंत वरच्या उत्तरातल्या शीटवर काम चालेल.