संशोधन प्रकल्पासाठी विद्यापीठाकडे किती स्टोरेज मागावं आणि ते कसं सांभाळावं?

आधी डेटा किती निघतो ते मोजा. रोज ४० जीबी प्रतिमा आणि वर्षाला २०० दिवस काम असेल, तर ८ टीबी नुसता मूळ डेटाच होतो. विश्लेषणातल्या मधल्या फायली कधीकधी त्याहून जास्त जागा खातात, त्या हमखास धरायच्या राहतात. अर्जात हा हिशेब मांडून दाखवा. रुग्णांची किंवा मुलाखतींची माहिती असेल तर तेही आधीच सांगा, कारण त्यावरून डेटा कुठे ठेवता येईल हे ठरतं.

बॅकअप मिळतो का, हे स्पष्ट विचारा. रेड (RAID, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून डेटा ठेवण्याची पद्धत) म्हणजे बॅकअप नव्हे! डिस्क बिघडली तर रेड वाचवतं. चुकून डिलीट झालेली फाइल परत देत नाही. तीन प्रती, दोन वेगळी माध्यमं, त्यातली एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, हा नियम पाळाच. मूळ डेटा कोणालाही बदलता येणार नाही असा ठेवा, सोबत चेकसम (फाइल बदलली किंवा बिघडली का, हे ओळखायला फाइलवरून काढलेला आकडा) जपा.

आणि जागा विद्यार्थ्याच्या खात्यावर घेऊ नका, प्रकल्पाच्या किंवा मार्गदर्शकांच्या नावावर घ्या. पीएचडी संपून खातं बंद झालं की डेटा अडकून बसतो.